रेंझोचे बूट: लढाईच्या काळातला दोन दिवसांचा लोणावळा

"रविवारी लोणावळ्याचा खेळ बगायला जायचं," आत्याबाई म्हणाल्या, आणि मी हातातला शेणाचा गोळा तसाच धरून उभी राहिले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. कामशेतच्या बाजारापलीकडं त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. माझा प्रवास तर माहेराहून सासरी आणलं तेवढाच.

माझ्या नातीचा हा ब्लॉग वाचणाऱ्या पोरापोरींनो, तुम्ही तिला सारखं विचारता की लोणावळ्याला दोन दिवसांत काय बघावं. ती म्हणाली, आजी, तू पहिल्यांदा गेलीस ते सांग, मी लिहिते. मला अक्षर येत नाही. तिला येतं, पण तिच्याकडं सांगण्यासारखं काही नाही. आमचं बरं जमतं.

लढाई चालू होती. मी सोळाची. हे, म्हणजे माझे मालक, लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये रोजंदारीवर कोळसा ओढायचे. शेडचा फुटबॉलचा संघ होता, त्यात हे अनवाणी खेळायचे. शेडच्या गोऱ्या साहेबाला यांचं पळणं फार आवडायचं. साहेबानं सांगितलं होतं, रविवारच्या सामन्यात खेळ दाखव, कायम करतो. कायम झालं की राहायला खोली, आणि खोली मिळाली की मी लोणावळ्याला. सामना त्यांचा होता, पण खोली माझी होती. चूल माझी, दार माझं, आणि दाराआड सासू नाही. आत्याबाई वाईट नव्हत्या, पण चांगलं माणूससुद्धा चोवीस तास डोक्यावर बसलं की जड होतं.

सामना कुणाशी, तर इटलीच्या कैद्यांशी. लढाईत धरलेले इटलीचे पंचवीस-तीस शिपाई सरकारनं तिकडं माळावर तारेच्या कुंपणात आणून ठेवले होते. पुढं त्यांच्या राजानं हात वर केले, तसा पहारा ढिला झाला आणि ते रस्त्याच्या कामाला बाहेर यायला लागले. त्यातला एक रेंझो. आपल्या मुलखात तो नावाजलेला फुटबॉलवाला होता. आता तुम्ही क्रिकेटवाल्यांची चित्रं भिंतीला लावता ना, तसा. इथं तो रस्त्यावर खडी पसरायचा. संध्याकाळी शेडची माणसं माळावर खेळायची तिथं येऊन उभा राहायचा. त्यानंच यांना हेरलं, दोन महिने शिकवलं. मग एक दिवस खाली बसून यांच्या तळव्याला आपला तळवा लावला. बोटाला बोट, टाचेला टाच बरोबर भिडली. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचे बूट आणून यांच्या हातात दिले. म्हणाला, माझा गुडघा संपला, बुटांत अजून पळणं शिल्लक आहे. सामन्याच्या आधी रोज घाल. भिजले तर पायातच वाळू दे, म्हणजे ते तुझे होतील.

त्यानंतर लगेच हे आवणीला आठ दिवस घरी आले. भाताची रोपं उपटून चिखलात लावायची त्याला आमच्याकडं आवणी म्हणतात. त्या दिवसांत नोकरीवाला गडीसुद्धा सुट्टी काढून शेतात उतरतो, नाही उतरला तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा नसते. बूट फडक्यात बांधून आणले होते. खिंडीत पावसानं झोडपलं आणि बूट भिजून लोदा झाले. आत्याबाईंनी ते हात न लावता, लांबूनच, वळसा घालून बघितले.

"म्या घालून बगू का आये?" यांनी विचारलं.

"अजाबात न्हाई. नवं लेणं कार्याच्या दिशीच अंगाला लावत्यात. आदी घातलं म्हंजी उष्टं झालं."

आईच्या शब्दापुढं फुटबॉलवाल्याचा शब्द काय टिकणार? राहिले बूट.

मग ते ओले बूट माझ्याकडं आले. पावसाळ्यात ओली वस्तू ठेवली तर चार दिवसांत तिला बुरशी येते. गोठ्यात गुरांना डास चावू नयेत म्हणून भाताच्या तुसाची आगटी रात्रंदिवस धुमसत असते, आणि वर आडवी दांडी. घोंगड्या, इरली, दावी, आमचं सगळं त्या दांडीवर वाळतं. मी बूटही तिथंच टांगले. आठ दिवस. शेतातून आले की ते उलटसुलट करायचे, भाकरी शेकावी तसे. नवऱ्याच्या वस्तूची कशी काळजी घेतेय म्हणून मनात खूश. जायच्या दिवशी, म्हणजे सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी, चांगले खणखणीत वाळलेले बूट मीच फडक्यात बांधून दिले. यांनी सोडून बघितले नाहीत.

तर शनिवारी आम्ही दोघी उजाडायच्या आत निघालो. आमचं गाव कामशेतपासून दोन कोस आत, पवनेच्या अंगाला. आता तुमची गाडी खिंडीतून वीस मिनिटांत येते आणि तेवढ्यात तुम्ही चार वेळा थांबून स्वतःचेच फोटो काढता. आम्हाला दोन तास लागले. श्रावण नुकताच लागला होता. वाटेवर शेवाळ, त्यावरून आत्याबाई इरल्याखाली कासवासारख्या पुढं, मी मागं. माझ्या डोक्यावर भाकऱ्या, लसणाची चटणी आणि अडीच शेर आंबेमोहर. तांदूळ रेंझोसाठी. ज्यानं बूट दिले त्याच्याकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?

"गोरा हाय. तांदूळ खाईल का?" मी विचारलं.

"नगं म्हणाला तर माघारी आणू. तुज्या डोस्क्यावर काय वझं हुतंय?" आत्याबाईंच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

कामशेतच्या स्टेशनात तिकीटबाबूनं आणे सांगितले तशा आत्याबाई खिडकीत वाकल्या. "बाबा, त्येवड्याचे तांदूळ घी की. वासाचं हायती." बाबू हसला नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मावशी, सरकार तांदूळ घेतं, पन तिकीट देत न्हाई." तेव्हा लेव्हीचा तांदूळ सरकार उचलून नेत होतं. रांगेत कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. आत्याबाईंनी गाठीतले पैसे मोजताना तीन वेळा बाबूकडं पाहिलं, जणू तोच चोर.

मळवलीला गाडी थांबली तेव्हा डावीकडं लोहगड, विसापूर दोन्ही असतात म्हणे. मला धुकं दिसलं. तुम्ही जाल तेव्हाही धुकंच दिसेल आणि तुम्ही त्याला मजा म्हणाल.

लोणावळ्यात आम्ही गोविंदभाऊंच्या खोलीवर उतरलो. हेही तिथंच राहायचे. गोविंदभाऊ यांचे दोस्त, इंजिनावर फायरमन, आणि शेडच्या संघात गोल राखायचे. त्यांची एकच खोली, ओल आलेली, धुरानं काळी. मी भिंतीला हात लावून बघितला. अशीच मला मिळणार होती. मी मनात चूल कुठं मांडायची तेसुद्धा ठरवून टाकलं. गोविंदभाऊंनी गूळदाणी आणली होती. गूळदाणी म्हणजे तुमची चिक्की, फक्त तेव्हा तिला खोका नव्हता आणि आमच्या दातांना तिची भीती नव्हती.

संध्याकाळी रेंझो आला. वाकून दारातून आत आला, एक गुडघा न वाकवता खाली बसला. मला वाटलं होतं कुणी राजबिंडा येईल. हा उन्हात रापलेला, कानावरचे केस पिकलेला, आमच्या गावच्या कुठल्याही गड्यासारखा. दोन-अडीच वर्षांच्या कैदेत हिंदुस्थानी बोलायला शिकला होता, मोडकी. आत्याबाईंनी तांदळाची गाठ सोडली. त्यानं मूठभर तांदूळ घेतला, नाकाशी नेला, एक दाणा दातांखाली फोडला.

मग उठला. कमरेत वाकला, गुडघ्याची कळ दातांत धरून, आणि मागं मागं सरकत हातानं जमिनीत काहीतरी खोचत गेला. "मेरा मा," म्हणाला. "पानी में. सारा दिन. ऐसा."

आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. "आगं, ह्यो तर आवणी करतोय!"

"त्येची आई करायची," हे म्हणाले. "त्येच्या मुलखात भात पिकतं."

"गोऱ्याची आई? चिखलात?" आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आन् मंग हितं राज्य कोन करतंय?"

"त्ये गोरे येगळे, मावशी," गोविंदभाऊ म्हणाले. "ह्ये आपल्यातलं हाय."

रेंझोनं मग त्याचं सगळं सांगितलं. हे मराठीत करून सांगायचे तेवढं मला समजत होतं. बाराव्या वर्षापर्यंत पायात काही नाही. बांधावर चिंध्यांचा चेंडू खेळायचा. आई दुसऱ्याच्या शेतात पाण्यात वाकलेली, कंबर सरळ करायला उभी राहिली की तेवढ्यात ह्याचा खेळ बघून घ्यायची. पुढं शहरातल्या संघानं उचलला. विसाव्या वर्षी अख्ख्या देशाच्या संघात. एका सामन्याला इतकी माणसं यायची की सगळं मावळ, गुराढोरांसकट, नेऊन बसवलं तरी मैदान भरलं नसतं, असं हे म्हणाले. काड्यापेटीवर ह्याचं चित्र. दुकानदार ह्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ह्यानं आईला पाण्यातून बाहेर काढलं, घर बांधून दिलं.

"मंग लढाईवर कशाला आला मरायला?" आत्याबाईंनी विचारलं.

त्यांच्याकडं खेळाडूंना लढाईतून सोडायचे म्हणे. ह्यालाही सोडणार होते. पण गुडघा फुटला, एक वर्ष खेळता आलं नाही, तसं चित्र उतरलं आणि ह्याचं नाव सोडायच्या यादीतून शिपायांच्या यादीत गेलं. वाळवंटात नेलं, एक गोळी न झाडता धरला गेला. त्याला धरणाऱ्या गोऱ्या शिपायांतल्या एकानं तोंडावरून ओळखलं. त्यानं हात मिळवला आणि मग हातातलं घड्याळ काढून घेतलं. एवढं सांगून रेंझो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

निघताना त्यानं यांना विचारलं, "बूट? रोज पहना?"

"व्हय. रोज," हे म्हणाले.

मी पदराआडून बघत होते. आईसमोर आईचा शब्द खाली कसा पाडायचा, आणि ज्यानं दिलं त्याला 'नाही घातले' तरी कसं म्हणायचं? मग माणूस खोटं बोलतो. रेंझोनं यांच्या खांद्यावर थाप मारली. तांदूळ उराशी धरून गेला.

रविवारी दुपारी धुकं वर उचललं. माळावर शेडची सगळी माणसं, बायका एका बाजूला, साहेब खुर्चीवर छत्रीखाली. आत्याबाईंनी यांच्या कपाळाला कुंकू लावलं. यांनी फडकं सोडलं, पाय घातला. जाईना. दोन्ही हातांनी ओढला. कातडं सुकून लाकूड झालं होतं, लाकडात पाय जाईल कसा?

"ऱ्हाऊ दे, अनवाणी खेळ," गोविंदभाऊ म्हणाले.

"समोर तो उभा हाय. त्येनं दिलेलं न्हाई घालत म्हणू?" यांनी टाच दगडावर आपटून आपटून पाय आत कोंबला. नाड्या गच्च आवळल्या. उठून उभे राहिले तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. आत्याबाई मला म्हणाल्या, "बग, कसा सायबावाणी दिसतोय."

खेळ मला काय समजणार? पण पळणं समजतं. माझा नवरा बांधावरून बैलाच्या पुढं पळताना मी बघितला होता. तो त्या दिवशी काट्यांतून चालल्यासारखा पळत होता. चेंडू यायचा आणि पायाला लागून भलतीकडं जायचा. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, नवरीला आणा, तीबी ह्येच्यापरीस पळंल!" बायका माझ्याकडं बघून हसल्या. साहेब खुर्चीत मागं टेकला.

रेंझो पलीकडच्या बाजूला, कापडी बुटात, जवळपास एका जागी उभा. चेंडू आपणहून त्याच्याकडं यायचे. हे एकदा त्याच्यासमोर आले आणि पडले. तो थांबला, खाली बघून ओरडला, "उतारो! निकालो!" हे उठले आणि नाही म्हणून मान हलवली. पुन्हा एकदा यांच्या पायातून चेंडू सुटून त्याच्याकडं गेला, आणि त्यानं तो गोविंदभाऊंच्या बगलेतून आत घातला. दया म्हणून बाहेर नाही मारला. तो त्याचा धंदा होता, आणि धंद्यात हात आखडायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. असे दोन. साहेब दुसऱ्यानंतर उठून गेला.

खेळ संपला तसा रेंझो लंगडत पळत आला आणि चिखलात यांच्या पायाशी बसला. बूट निघेना. शेवटी कुणाच्या तरी चाकूनं कातडं चिरलं. अंगठ्याचं नख बुटातच राहिलं, बोट काळंनिळं, रक्त. रेंझोनं तो चिरलेला बूट हातात घेतला, दाबून बघितला, वाकवून बघितला. वाकला नाही. मग नाकाशी नेला, कालचा तांदूळ नेला होता तसाच. "आग?" तो म्हणाला. "कौन आग दिखाया?"

मी पाच पावलांवर उभी होते. त्याची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यापर्यंत आली आणि तिथं थांबली. माझं तोंड बघून त्याला कळलं. पदर होता, पण पदरानं काय झाकतं?

तेवढ्यात गोविंदभाऊ ओरडले, "आग कसली इचारतोस? बारकं बूट दिलंस मुद्दाम! दुश्मन तो दुश्मनच!"

"व्हय रं बाबा," आत्याबाईंनी छाती बडवली. "माज्या हातचा तांदूळ घेतलास आन् माज्या लेकाचा पाय खाल्लास!"

सगळी माणसं तेच बोलायला लागली. रेंझोला 'दुश्मन' कळत होतं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. बोट दाखवलं असतं तर संपलं होतं. मी एक शब्द बोलले असते तरी संपलं होतं. दोघांपैकी कुणीच बोललं नाही. त्याचं गप्प बसणं आणि माझं गप्प बसणं एक नव्हतं, एवढं मला सोळाव्या वर्षीही कळत होतं. त्यानं यांच्याकडं हात पुढं केला. यांनी मान फिरवली.

सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं परत निघालो. साहेबानं कायम करायच्या यादीत दुसरं नाव घातलं होतं. काम रोजंदारीचं, सुजलेल्या पायानं कोळसा कसा ओढणार? स्टेशनाबाहेर रस्त्यावर कैदी खडी पसरत होते. रेंझो फावडं टेकवून ताठ उभा राहिला. यांनी बाजूला थुंकलं. आत्याबाई म्हणाल्या, "चल, तिकडं बगू नगं." मी मात्र बघितलं. त्यानं पुन्हा फावडं उचललं होतं. कामशेतहून यांना बैलगाडीतून घरी नेलं. भाडं काय पडलं ते आठवत नाही, धक्के आठवतात.

बोट पुढं काढावंच लागलं. हे लोणावळ्याला परत गेले नाहीत. शेती केली, थोडं लंगडून. मी त्याच चुलीपुढं राहिले, आत्याबाई जाईपर्यंत आणि नंतरही. गावात ज्यानं त्यानं यांना विचारायचं, पायाला काय झालं, आणि यांनी सांगायचं, इटलीवाल्यानं दगा दिला. आमच्या पोरांनी ते ऐकलं, त्यांच्या पोरांनी ऐकलं. मागच्या दिवाळीत एका नातवानं ते घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, खाली रागाची तोंडं. म्हणून आज मी हे लिहून घ्यायला लावलं. नातीनं त्याला फोनवर शोधलंही. एवढा मोठा खेळाडू, पण आमच्याकडं नुसतं रेंझो. आडनाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. तो घरी पोचला का, आई भेटली का, कोण जाणे.

तर प्रवासाला जाणाऱ्यांनी एवढं करावं: श्रावणात जायचं तर घसरणार नाही असं काहीतरी पायात घाला, आणि कामशेतला तांदूळ बघून घ्या, आंबेमोहर म्हणून काहीही विकतात.

एक राहिलं. हे गेले त्याच्या आदल्या वर्षी, ओटीवर बसलो होतो दोघंच. मी म्हटलं, "एक सांगायचं हुतं. ते बूट म्या आगटीवर टांगलं हुतं. म्हणून आटलं."

हे सुपारी कातरत होते. थांबले नाहीत. "ठावं हाय," म्हणाले. "मैदानातच कळलं. तळव्याला तळवा लावलेला म्या. त्येचा बूट मला बारका कसा हुईल?"

"मंग इतकी वर्सं त्येला का बोल लावला? मला का न्हाई?"

त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

"तुज्यासंगं ऱ्हायचं हुतं," म्हणाले. "त्येच्यासंगं थोडंच ऱ्हायचं हुतं?"